मिसरची लक्ष्मी उल्हासनगरात आटवली

ब्याण्णव साल. धाकट्या लेकीचं, सुनंदाचं लग्न आठ दिवसांवर, आणि मंगळसूत्राच्या वाट्यांना सोनं नाही. शेवटी देव्हाऱ्यातली सासूबाईंची लक्ष्मी काढली. लक्ष्मी म्हणजे सोन्याचं जुनं नाणं. त्यावर गोल गोल रेघा, आम्ही त्याला कमळ म्हणायचो. वर कुंकवाचा थर.

आमच्या हेंद्रेपाड्यातून मी आणि सुनंदा निघालो. एसटीने अंबरनाथ. मागच्या सीटवर बसू नका, कंबर मोडते. पुढे रिक्षाने उल्हासनगर. भाडं आधी ठरवा. दाल-पकवान खाऊनच सोनाराकडे जा, तिथे वेळ लागतो.

सोनार सिंधी. त्याने नाण्याला ब्रश मारला, कुंकू निघालं, आणि त्याने आत हाक मारली. "बाबा, ये देखो."

त्याचा म्हातारा बाप आला. सिंधी लिहितात ती अक्षरं अरबीच, म्हणून त्याला वाचता आलं. "कमल नहीं है अम्मा, लिखाई है. बहुत पुरानी. ये अल्लाह. ये दीनार. और ये... मिसर."

"मिसर कुठं आलं?"

"समंदर पार, इजिप्त. आपका अंबरनाथ का मंदिर बना, उसी जमाने का होगा. कल्याण की खाड़ी में जहाज आते थे. यहाँ से कपड़ा, सागवान जाता, वहाँ से सोना आता."

वीस वर्षं मी कुंकू वाहत होते ते कुणाला?

सुनंदा कानात म्हणाली, "आई, सासरी कळलं तर?"

"गप गं!"

"मत गलाओ अम्मा," म्हातारा म्हणाला.

"नहीं गलाया तो शादी कैसा करेगी मैं? तुम देगा वाट्या?"

म्हाताऱ्याने नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, अक्षरं उमटवली, कागद माझ्या हातात दिला. मग पोराने नाणं मुशीत टाकलं. चहा आला. तो संपायच्या आत हजार वर्षांचं नाणं पाणी झालं! मला वाटलं होतं, निदान वेळ तरी लागेल.

दुपारी ठशावर वाट्या ठोकून मिळाल्या. येताना अंबरनाथच्या देवळात थांबलो. तुम्हीही थांबा, फुकट आहे. शंभरदा आले असेन, पण भिंतीवरच्या दगडी बायकांचे दागिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. त्यांच्या वेळचं सोनं माझ्या पर्समध्ये, डबीत.

लग्न झालं. सुनंदा बरी नांदतेय. कागद माझ्याकडे आहे. देव्हाऱ्यात ठेवला नाही, फेकवतही नाही. ती म्हणते, हे लिहू नकोस, सासरचे वाचतील.

वाचू देत. नाणं समुद्रावरून आलं, कुठे कुठे फिरलं, कुणी त्याचं काही वाकडं केलं नाही. आटवलं मी.