आधी काळूचं शिजू द्या

जाफराबादच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून रुजू व्हायला मी निघालो होतो. भोकरदनहून सुटलेल्या काळीपिवळी जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई मांडीवर मिठाईचा खोका घट्ट धरून बसल्या होत्या. समोरच्या गृहस्थांना राहवेना. "पेढे का बाई? पोरगं पास झालं वाटतं." बाई शांतपणे म्हणाल्या, "कुत्र्यांची विष्ठा आहे. तपासायला पाठवायचीय." पुढचा सगळा रस्ता आम्हा दोघांना ऐसपैस जागा मिळाली. त्या बाई म्हणजेच माझ्या वरिष्ठ डॉ. वत्सला साबळे, हे मला दवाखान्याच्या पायरीवर कळलं.

बाईंनी आता साठी पूर्ण केली आहे. त्यांच्याविषयी लिहिताना विशेषणं आवरती घ्यावी लागतात, कारण त्यांना ती खपत नाहीत. त्यांची कामाची पद्धत मात्र सांगायलाच हवी. गावात गेल्यावर माणसांच्या आधी त्या कुत्र्यांची चौकशी करत. मेंढ्यांच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याचे फोड येतात. ते कच्चं काळीज कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, केसांत आणि तिथून माणसाच्या हातातोंडाशी जातात. मग माणसाच्या यकृतात तशीच पाण्याची गाठ धरते आणि वर्षानुवर्षं मुकाट वाढत राहते. माणसाला त्रास होईपर्यंत फार उशीर होतो. कुत्र्याच्या तपासणीत हे आधी कळतं, म्हणून बाई आधी कुत्र्याकडे जात. हे सगळं त्या इतक्या कोरड्या आवाजात सांगत, की ऐकणारा घाबरायचंही विसरून जाई.

केदारखेड्याला बाबुराव नावाचे मेंढपाळ आहेत. त्यांच्या घराण्यात कंदुरीला, म्हणजे देवाच्या नावानं होणाऱ्या मटणाच्या जेवणाला, मेंढा कापला की पहिला वाटा राखणीच्या कुत्र्याचा, तोही कच्चाच. माणसांच्या पानात त्यानंतर पडायचं. काळजाला फोड दिसले, तर ते माणसांनी खायचं नाही, म्हणून अख्खं काळीजच कुत्र्याला मिळे. माणसंही खूश, कुत्राही खूश. त्यांच्या काळू कुत्र्याच्या नमुन्यात प्रयोगशाळेला ते जंत सापडले, तेव्हा बाई मला घेऊन थेट त्यांच्या वाड्यावर गेल्या. बाबुराव ऐकता ऐकताच उठले.

"मंग आजच संपवतो त्याला. घरात लेकरं हायेत."

"बसा बाबुराव," बाई म्हणाल्या. "त्यानं आजार आणला न्हाई. आपण वाढला, त्यानं खाल्ला. आता तो खबर देऊन राह्यला, तर त्यालाच मारता? काळूजवळ जास्त कोण असतं, ते सांगा."

बाबुरावांची नात राधा ओट्यावर काळूच्या गळ्यात हात टाकून बसली होती.

राधाची जालन्याला सोनोग्राफी करायला घरचे तयार नव्हते. पोरगी धडधाकट, खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीच्या थांब्यावर जाऊन बसल्या. त्या तिथून हलेनात, तेव्हा बाबुरावांनी मायलेकींना धाडलं; राधाची आई रागातच होती. "डॉक्टरीण जनावरांची अन् माह्या लेकराला काय करून राह्यली," ती मला ऐकू येईल असं म्हणाली. बाईंनाही ते ऐकू गेलं असणार. त्यांनी राधाला खिडकीची जागा दिली.

राधाच्या यकृतात लहानशी गाठ निघाली. वेळेत सापडली, गोळ्यांनी भागेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. राधाच्या आईनं बाईंचा हात धरला तो परत गाव येईपर्यंत सोडला नाही. मी भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस नाही, पण त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला.

काळूलाही भाकरीच्या तुकड्यातून जंतांची गोळी सुरू झाली. त्याची घाण पुरायची जबाबदारी बाबुरावांनी स्वतःकडे घेतली. खरी लढाई पुढच्या कंदुरीला झाली. पहिला वाटा बंद करा म्हटलं असतं, तर बाईंना कुणी गावात उभं केलं नसतं. त्यांनी वाटा मोडला नाही. फोडांचं काळीज खोल खड्ड्यात पुरायला लावलं, वर बाभळीचे काटे टाकले, आणि काळूचा चांगल्या मांसाचा वाटा चुलीवर चढवून स्वतः जाळ घालत बसल्या. तो चांगला उकळेपर्यंत माणसांच्या पानात काही पडेना. पाहुणे चिडले.

"जनावराचं शिजोस्तोवर माणसं उपाशी बसवता का बाई?"

"तुमचा मान तोडला न्हाई, त्याचा कसा तोडू?" बाई म्हणाल्या आणि अजून एक लाकूड सारलं.

यंदा बाई सेवानिवृत्त झाल्यानंतरची पहिली कंदुरी होती. त्या येतील अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि त्यांना कळवलंही नव्हतं. मी मुद्दाम पाहायला गेलो. म्हटलं, आता बघणारं कुणी नाही, तर जुनं चालू झालं असेल. काळू म्हातारा झालाय, चुलीजवळ पाय पसरून पडला होता. खड्डा खणलेला होता, काटे टाकलेले होते. चुलीपुढे राधा बसली होती. आता ती उंच झालीय, गेल्या तपासणीत गाठीचा मागमूस उरलेला नव्हता. एक भुकेला पाहुणा कुरकुरला, तशी ती वर न बघता म्हणाली, "थांबा जरा. आधी काळूचं शिजू द्या."

डॉ. साबळे बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्यांच्या शंभरीपर्यंत दरवर्षी आम्हा सगळ्यांना त्या चुलीपाशी असंच उपाशी थांबावं लागो.