शेपूट न ठेवलेली गाठ

बाबांना अर्धांगाचा दुसरा झटका आल्यावर मी फ्रिजवर यादी लावली. सहाला औषधं, आठला नळीतून पेज, दर दोन तासांनी कूस बदलणे. शेवटची ओळ होती ‘उजवा हात’. पुढचा शब्द लिहिला नाही.

डावी बाजू गेली होती, गिळणंही. नाकातली नळी हेच त्यांचं जेवण. ती त्यांनी दोनदा उपसून काढली, दोन्ही वेळा रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, “चालता हात बांधून ठेवा. पुन्हापुन्हा नळी घालणं यांना झेपणार नाही.”

बाबांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. मार्केट यार्डातून माल भरायचा, कात्रजचा घाट उतरायचा. दोरी बांधायला मला त्यांनीच शिकवलं, शाळेत असताना. टेम्पोच्या कडेच्या आकड्याखालून दोरी घ्यायची, दोन वेढे द्यायचे, मग टोक सबंध ओढून न घेता दोरी दुमडून खोचायची आणि शेपूट लोंबतं ठेवायचं. मालाने ओढलं की गाठ आवळते, आपण शेपूट ओढलं की सुटते. माझी सैल पडली की म्हणायचे, “बाईसाहेब, वेणी नाही घालायची. मागच्या स्कूटरवाल्याला पोरंबाळं असतात.”

तर मनगटाला कापूस, वर पट्टी, पट्टीला सुती दोरी, ती खाटेच्या दांडीला. एक बोट आत जातं का, तेही तपासलं. गाठ मात्र हातांनी आपोआप मारली. मला तेवढी एकच नीट येते.

दुपारी पेज गाळून आणली तर नळी छातीवर पडलेली, उशीवर रक्त. दोरी खाली लोंबत नव्हती. माल उतरवल्यावर ते गुंडाळायचे, तशी बोटांभोवती व्यवस्थित गुंडाळलेली होती.

नर्सबाई वारज्याच्या पुलापलीकडून आल्या. मी डोकं धरलं, त्यांनी नळी घातली. बाबा ओरडले. त्या गेल्यावर मी पुन्हा दोरी घेतली. या वेळी टोक पूर्ण ओढून घेतलं, वर आणखी दोन गाठी मारल्या आणि उरलेली दोरी गादीखाली सारली.

त्यांची बोटं दांडीवर चाचपत राहिली.

“शेपूट?” झटक्यानंतर त्यांचे शब्द बोबडे झाले होते. हा स्पष्ट आला.

“नाही ठेवलं, बाबा.”



“मग उतरवायचं कसं?”

मी पेज पुन्हा गरम करायला गेले.