सहाव्या कॉलची पाच मिनिटं

तो आधी माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या मागच्या भिंतीकडं बघत होता.

"मागे फोटो कुणाचा आहे?" त्यानं मराठीत विचारलं.

भिंतीवर दोन फोटो. एक बुद्धाचा. दुसरा निळ्या कोटातला, चष्मा, हातात जाड पुस्तक. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पडलाच तर तो मुद्दाम पडतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"अच्छा. जयभीमवाली. मग इंग्रजी कशाला झाडतेस?"

असं म्हणून तो हसला. हसत हसत त्यानं कॅमेरा खाली वळवला. पँट आधीच काढून ठेवली होती. तयारीनंच बसला होता हरामखोर.

दुपारचे अडीच वाजले होते. पुण्याजवळच्या मांजरी गावातली आमची खोली, लख्ख उजेड, आई कामाला गेलेली. आणि मी, चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, एका अनोळखी माणसाचं नागडेपण बघत बसले होते. बसले होते म्हणजे खरंच बसले होते. कॉल कापायचं बटण अंगठ्याखाली होतं. कापला नाही.

लोक हे ऐकतात आणि पटकन विचारतात, "मग कापला का नाहीस?" सांगते.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर तिसऱ्या मजल्यावर, मी इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जात होते. त्याआधी चार मुलाखतींत पडले होते. चारही ठिकाणी एकच शेरा, कम्युनिकेशन वीक. हिशेब येतो, कॉम्प्युटर येतो, पण तोंड उघडलं की संपलं. सरांची पद्धत वेगळी होती. पुस्तकातलं इंग्रजी नको, म्हणायचे, जगाशी बोला. एक वेबसाइट होती. बटण दाबलं की जगातला कुठलाही माणूस व्हिडिओवर समोर येतो. अशा वीस अनोळखी माणसांशी प्रत्येकी पाच मिनिटं बोलायचं. कॅमेरा चालू ठेवून, स्वतःच्या घरात बसून. मग स्क्रीनशॉट बॅचच्या ग्रुपवर टाकायचे, एक बोलतानाचा, एक वेळेचा. वीस कॉल पूर्ण करणाऱ्या पहिल्या पाच जणांची नावं सर एका कॉल सेंटरला पाठवणार होते. त्या पाचांत मला माझं नाव हवं होतं. आई पाच घरी पोळ्या करते. तिची मनगटं आता सुजतात. मला ते नाव हवंच होतं.

आणि पाच मिनिटांच्या आत तुटलेला कॉल मोजला जाणार नाही, हा सरांचा नियम होता.

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी फोन चटईवर पालथा घातला आणि उरलेला वेळ मान खाली घालून बसले. त्याचा आवाज येत होता. मनातल्या मनात सेकंद मोजत पाच मिनिटं भरल्यावर कापला. कॉल संपल्यावर दिसणाऱ्या वेळेचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. बोलतानाचा आधीच काढला होता, त्याचा हसरा चेहरा, माझा हसरा चेहरा. सरांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. शाब्बास.

मग मी मोरीत जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढत नाही. सगळ्यांना अहो-आपण.

"सर, सहाव्या कॉलला माणूस फार घाण वागला."

काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"अहो, इंटरनेट आहे ते. तिथं कुणी पाट-रांगोळी मांडून बसलेलं नसतं."

"पण सर, तो..."

"बॅचमधल्या दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. एकट्या आपलीच आहे. मग थोडा विचार आपणही करावा, नाही का?"

त्यांनी ग्रुप उघडला. माझा पहिलाच स्क्रीनशॉट काढला. दोन बोटांनी मोठा केला. चित्रातली मी बाजूला गेले, भिंत मधे आली. निळा कोट पडदाभर झाला.

"हे बघा. फोटो काढा असं मी म्हणणार नाही. श्रद्धेचा विषय आहे. पण मागे कोरी भिंत ठेवलीत, तर त्यात आपलंच भलं आहे."

मी म्हणाले, "हो सर."

त्या माणसाचं उघडं अंग मी एक दिवस विसरेन. माझं ते "हो सर" विसरणार नाही.

घरी येऊन फोटो उतरवला. निळ्या कोटाचा. बुद्ध राहू दिला. बुद्ध सगळ्यांना चालतो, लोक शोकेसमध्ये शोभेला ठेवतात. फोटो टॉवेलात गुंडाळला आणि गव्हाच्या पिंपामागं सरकवला. भिंतीवर चौकोन उरला, बाकीच्या रंगापेक्षा उजळ.

संध्याकाळी आई आली. चप्पल काढता काढता थांबली.

"का गं, फोटू कुठं हाय?"

"पुसायला काढलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि चहा टाकला. परत विचारलं नाही. आईशी खोटं बोलण्याची मला सवय नव्हती. त्या चार दिवसांत लागली.

आणि संशय. बाई गं, तो संशय! सरांनी संभाषणाचा एक कागद दिला होता. नाव सांगा, राहता कुठं ते सांगा, घरी कोण कोण असतं ते सांगा, मग छंद. मी गुणी मुलीसारखी त्याच क्रमानं बोलत गेले होते. तो माणूस सुरुवातीला इंग्रजीतच बोलत होता, सज्जनासारखा. पहिल्या मिनिटात त्याला माझं आडनावासकट नाव कळलं. मांजरी कळली, रेल्वे फाटक कळलं. दुपारी घरात मी एकटी असते, हेसुद्धा मीच सांगितलं. छान, सावकाश, व्याकरण सांभाळून सांगितलं.

आता तो कुठंही असू शकत होता. शेअर रिक्षात शेजारी बसलेला असू शकत होता. औषधाच्या दुकानात पुरुष मराठीत बोलला की मी आधी आवाज ऐकायचे, मग चेहरा बघायचे. अनोळखी नंबरचा फोन मी वाजून बंद होऊ द्यायचे. त्यानं माझं रेकॉर्डिंग केलं असेल का? माझा बघत बसलेला चेहरा कुणाकुणाला पाठवला असेल? क्लासच्या जिन्यात मुली हसल्या की वाटायचं, माझ्यावरच हसतायत.

सातव्या कॉलला केरळचे एक निवृत्त मास्तर होते. बिचारे पाण्याचा ग्लास घ्यायला खाली वाकले, आणि मी किंचाळले. ते घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले. मला कळत होतं की हा माणूस साधा आहे. तरी मी त्यांच्या हातांवरून नजर काढली नाही. इंग्रजी गेलं चुलीत. मी नुसते हात बघत होते.

आठवा कॉल मी लावलाच नाही.

बॅचमध्ये कसबा पेठेतल्या एक काकू होत्या. मुलगी परदेशात, नातवंडांना मराठी येत नाही, म्हणून साठाव्या वर्षी इंग्रजी शिकायला आलेल्या. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"काय गं, सातवर का अडकलीस? ग्रुपवर तुझ्या सहाव्या कॉलचा फोटो बघितला. तुलाही भेटला वाटतं तो पँट विसरलेला?"

मी कठड्याला धरून उभी राहिले.

"काकू, तुमच्याकडं पण?"

"दुसऱ्याच कॉलला. वयाचा तरी मान ठेवायचा मेल्यानं."

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तुमच्या मागं भिंतीवर काय होतं?"

"मागं? गणपती. चांगला दीड फुटी. त्यानंही काही केलं नाही. का गं?"

"सरांना सांगितलंत?"

"सांगितलं की. हात जोडले त्यांनी. म्हणाले, काकू, माफ करा, असा कुणी दिसला की त्या क्षणी कॉल कापा, पाच मिनिटांची अट तुम्हाला नाही. फक्त कुणाला बोलू नका, क्लासचं नाव खराब होतं."

मी विचारलं, "हे कधी?"

"झाले की पंधरा दिवस."

म्हणजे माझ्या आधी. म्हणजे "दुसऱ्या कुणाची तक्रार नाही" असं मला सांगताना त्यांना माहीत होतं. तोच माणूस, तीच घाण. काकूंना माफी, आणि मला कोरी भिंत. काकूंचा गणपती कुणी दोन बोटांनी मोठा करून बघितला नाही.

मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला नव्हतं गं माहीत," म्हणाल्या. खरं असेल. माहीत करून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

बसमध्ये मला रडू आलं नाही. डोकं तापलं होतं. घरी पोचले ती तडक पिंपामागं हात घातला. फोटो काढला, फडक्यानं नाही, माझ्या चांगल्या ओढणीनं पुसला, आणि त्याच खिळ्याला लावला. आई दारात उभी होती. तिला म्हणाले, "आई, मी खोटं बोलले." मग सगळं सांगितलं, लाजबीज सोडून.

आईनं फोटोची चौकट सरळ केली. मग म्हणाली, "घान त्यानं केली, आन् पुसायला आपली भित्त?"

मग आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्यांतली एक काळी टिकली तिनं नखानं उचलली.

"मी पोळ्या करती ना, तिथली मॅडम लॅपटॉपच्या डोळ्यावर टिकली लावती. बोलायचं आसंल तवाच काढती. त्यास्नी कळतंय, तर आपल्याला का कळू नये?"

तिनं ती माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर दाबून बसवली.

शनिवारी सरांनी सगळ्या बॅचसमोर यादी वाचली. माझ्या नावाशी आले.

"आपले सातच झालेत. असं कसं चालेल?"

मी उभी राहिले.

"सहाच धरा, सर. सहावा कॉल मोजू नका. त्यात समोरचा माणूस नागडा होता. तुमची पाच मिनिटं भरावीत म्हणून मी कापला नाही."

सरांनी यादी मिटली.

"हे आपण केबिनमध्ये बोलू," सर म्हणाले.

"केबिनमध्ये बोलले. तिथं तुम्ही म्हणालात, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. इथं विचारते. आणखी कुणाला भेटला?"

मागच्या बाकावरून एक हात वर आला. मग तिच्या शेजारणीचा. काकू पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मग म्हणाल्या, "मलाही." हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "काकूंचं वेगळं होतं. आणि आपण कृपा करून यात जात आणू नका!"

"मी नाही आणली, सर. भिंतीवरचा फोटो दोन बोटांनी मोठा तुम्ही केलात."

डस्टर उचलून सर कोरा फळा पुसायला लागले.

माझं नाव गेलं नाही. पाचही नावं दुसऱ्यांची गेली. नोकरी अजून नाही, आणि आई अजून पाच घरी जाते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? त्या माणसाच्या हसऱ्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट जोडून आम्ही चौघींनी सायबर पोलिसांकडं अर्ज दिला. पोच घेतली. पोच माझ्याकडं आहे. पुढं काय होईल, त्यावर माझा भरवसा नाही. सहज भरवसा ठेवायची सवयच मी मोडली आहे.

पण कॉल मी रोज लावते. क्लासशिवाय. इंग्रजी त्या माणसाचं नाही आणि सरांचंही नाही. नाव पहिलंच सांगते, आडनाव नाही. गाव विचारलं तर महाराष्ट्र. घरी कोण असतं असं कुणी विचारलं तर सगळे असतात. सुरुवातीला कॅमेऱ्यावर टिकली असते. समोरच्याला काळोख दिसतो, आणि मला तो दिसतो. मी इंग्रजीत सांगते, आधी तुझा चेहरा दाखव, मग दोन्ही हात. जो कुरकुर करतो त्याला तिथंच कापते आणि तक्रारीचं बटण दाबते.

जो दाखवतो त्याच्यासाठी टिकली काढते. मग मी दिसते. माझ्या मागं निळा कोट दिसतो, अख्ख्या चौकटीसकट. कुणी विचारलं, हा कोण, तर एकदा सांगते. हसला की कापते. घड्याळाकडं बघत नाही.