इंदूआत्या आणि टेपवरचं नाटक

इंदूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत शिकवत होतो. हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. पलीकडून माझा चुलतभाऊ दिलीप बोलत होता. "आत्या गेली रे. जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच न्हाई..." मिळेल त्या जीपनं सेनगाव गाठलं, तिथून हिंगोली. दुःख होतंच, अजूनही आहे. पण आज काही आठवड्यांनी लिहायला बसलोय तो दुःखानं नाही, शिसारीनं. कारण तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या नाट्यमंडळानं चौकात फलक लावला. वर आत्याचा फोटो, खाली 'संगीत नाटकाच्या थोर रसिक, आमच्या मंडळाचा आधारवड'. त्याहून मोठ्या अक्षरात अध्यक्षांचं नाव. याच मंडळानं तिला भर प्रयोगातून दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

आत्या हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. माझे आजोबा देवळाचे पुजारी. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा वारला, ती माहेरी परत आली आणि नोकरीला लागली. कानाला हेडफोन लावून दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे, लोकांचे आवाज ऐकायचे. सुट्टी मिळाली की संगीत नाटक. परभणी, नांदेड, वाशीम, अकोला... जिथं पडदा उघडणार तिथं ही एसटीनं हजर. भावांना ते आवडत नसे. "बाईमाणसानं एकटीनं नाटकं बघत हिंडायचं, बरं दिसतं का?" असं माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एकटी कुठं? येष्टी भरून माणसं असतात की." मग घरच्यांनी तोडगा म्हणून मला तिच्याबरोबर पाठवायला सुरुवात केली. मी तेव्हा कॉलेजात होतो, नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मला नाटकापेक्षा स्टँडवरची भजी जास्त आवडायची, हे तिला ठाऊक होतं.

प्रेक्षक म्हणून ती अजिबात मऊ नव्हती. राजाच्या डोईवरचा मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी तिला चालायचं, मागचा राजवाडा वाऱ्यानं हलला तरी चालायचं. पण तान अर्धी सोडून हातवारे केले, की तिचं तोंड कडू व्हायचं. संयोजकांची माणसं मागच्या रांगेत बसून ठरवल्याप्रमाणे 'वन्स मोअर' ओरडायची, तेव्हा ती मागं वळून त्यांच्याकडे अशी बघायची की पुढचा 'वन्स मोअर' घशातच राहावा. आणि तरी, परभणीला एकदा एका म्हाताऱ्या नटाचा आवाज वरच्या सुरावर फाटला. लोक हसले. बिचारा थांबला, ऑर्गनवाल्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि तीच ओळ खालून पुन्हा घेतली. आत्या एकटी टाळ्या वाजवत होती. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "आत्या, आवाज तर फाटला त्यांचा." ती म्हणाली, "फाटला ना... पण त्याचाच होता की रे."

पुढं पुढं मात्र टाळ्या वाजवायला जागाच उरली नाही. दौऱ्यावर येणाऱ्या नाटक कंपन्यांनी आधी ऑर्गन सोडला, मग पदं कापली. कापलेल्या पदांच्या जागी विनोदी नट प्रेक्षकांतल्या बायांकडे बघून दुहेरी अर्थाचं काहीबाही बोलू लागले. मधेच प्रयोग थांबवून पुढाऱ्यांचे सत्कार. एका प्रयोगात तर विरहाचं पद चालू असताना कार्यक्रमाचे अध्यक्ष नारळ घेऊन स्टेजवर चढले आणि नायिकेनं पद तोडून त्यांना वाकून नमस्कार केला. अशा प्रयोगाहून आली की आत्या दारातच तांब्या मागायची आणि नासकं काही खाल्ल्यासारखी चूळ भरायची. मी विचारायचो, "मग जातीस काहून?" ती म्हणायची, "एखाद्या बारीला होतं चांगलं..." एवढंच.

ती शेवटची बारी हिंगोलीतच झाली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आत्या निवृत्त झाली होती. मंडळानं मैदानात मांडव घालून बाहेरची नाटक कंपनी आणली होती. प्रयोग संध्याकाळचा. मी मुद्दाम गोरेगावहून आलो होतो. नांदी सुरू झाली आणि आत्यानं माझं मनगट धरलं. "टेप हाय ही." मी बघितलं. स्टेजजवळ ना तबला, ना पेटी, नुसते दोन भलेमोठे स्पीकर. सहा माणसं ओठ हलवत होती. मांडव मात्र खूष होता, शिट्ट्या पडत होत्या. "चल, जाऊ," मी म्हणालो. ती उठली नाही.

पहिल्या अंकात नायिकेचं पद रंगात आलं होतं आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस, त्यात नवल नव्हतं. पण गाणं कापल्यासारखं तुटलं. बाहेर अजून संधिप्रकाश होता, कनातीवरून आत झिरपत होता, त्यात नायिका झालेली मुलगी तोंड उघडं ठेवून तशीच उभी दिसत होती. क्षणभर कुणाला कळलं नाही, मग सगळा मांडव खदाखदा हसला. कुणीतरी ओरडलं, "ए बाई, सेल टाका की!" मुलीनं पदरानं तोंड झाकलं. आत्या उठली, रांगेतून वाट काढत स्टेजच्या कडेला गेली. मी मागोमाग. हसण्याच्या गलक्यात ती मुलीला म्हणाली, "तुला येतं का गं?"

मुलीनं मान हलवली. येतं.

"मग गा ना लेकरा. आता कोन अडवतं तुला?"

तिनं विंगेकडे एकदा बघितलं आणि गायला लागली. आधी आवाज थरथरत होता, पहिल्या दोन ओळी गलक्यात बुडाल्या. मग पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मधल्या. शेवटी मागचे शेंगदाणेवालेसुद्धा. टेपवरच्या त्या गुळगुळीत गळ्यापेक्षा हा आवाज जाडा होता, थोडा खरबरीत, पण सुराला घट्ट चिकटलेला. हिला गाता येत होतं! आणि हिलाच ओठ हलवायला उभं केलं होतं. आत्या स्टेजच्या फळीवर हात ठेवून उभी होती, बोटं ठेका धरत होती.

तेवढ्यात जनरेटर धडधडला. मला वाटलं, आता थांबतील. निदान तिचं पद होईस्तोवर. विंगेत मंडळाचे अध्यक्ष उभे होते, त्यांनी हातानं खूण केली आणि टेप सुरू झाली. जिथं तुटली होती तिथून, मुलीच्या चालू गळ्यावर. तिनं आणखी अर्धी ओळ रेटली... मग तिचे ओठ नुसतेच हलू लागले. आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या टेपला होत्या. मला त्या दिवशी मंडळाइतकीच किळस आमच्या गावाची आली, ती आजही गेलेली नाही.

"बंद करा ते! पोरगी गाऊन राहिली, दिसंना का तुमाला?" आत्या ओरडली. मंडळाची दोन माणसं आली. "बाई, तमाशा नका करू, खाली बसा." ती बसली नाही, तेव्हा त्यांनी तिला दंडाला धरलं. मी मधे पडलो तर मलाही ढकललं. मैदानाबाहेर आल्यावर तिनं दंडावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "तिचं नावबी इचारलं न्हाई रे मी." त्यानंतर ती नाटकाला गेली नाही.

आणि आता हा फलक, ही शोकसभा. मला बोलायला बोलावलं होतं. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, इंदूताई आम्हाला आईसारख्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "या आईला तुमी दंडाला धरून बाहेर काढलं. मी तिथं होतो." निवेदकानं खाकरून माझे आभार मानले, सर्वांनी चहा घेऊन जावा असं सांगितलं, आणि श्रद्धांजली म्हणून एक भजन लावलं... कॅसेटवर. माणसं माना खाली घालून उभी राहिली. मी निघून आलो.

आत्याच्या खोलीत दिलीपची बायको आवराआवर करत होती. दारामागच्या खुंटीवर खाकी कापडी पिशवी लटकत होती. खाली घेतली तर आत धुतलेली शाल, बॅटरी आणि पुडीत खडीसाखर. मी पुडी उघडली. खडे कोरडे, पांढरेशुभ्र, एक मुंगी नव्हती.

"ही अजून भरलेली कशी?" मी विचारलं.

"नाटकाची पिशवी त्यांची. दर दिवाळीला शाल धुवायच्या, खडीसाखर नवी भरायच्या. मी म्हणायची, आत्याबाई, तुमी तर आता जात न्हाई. तर म्हणायच्या, व्हय गं, असू दे."

तिनं ती माझ्या हातून घ्यायला हात पुढं केला. मी दिली नाही, परत खुंटीवर अडकवली. यंदाच्या दिवाळीला खडीसाखर मी बदलीन.