नळावरच्या कंडक्टरबाई

डोंगराचा कडा गावावर उतरला तेव्हा कंडक्टरबाई ड्यूटीवर होत्या. नवरा तालुक्याला कामानिमित्त गेला होता, म्हणून दोघंही वाचली. घर मात्र मातीखाली गेलं. अंगावरचा खाकी युनिफॉर्म आणि गळ्यातलं तिकिटाचं मशीन तेवढं उरलं. "लोकांनी पळताना दागिने वाचवले, फोटो वाचवले. मी तिकिटाचं मशीन वाचवलं," असं त्या पुढे सांगत आणि ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होण्याआधी स्वतःच हसून मोकळ्या होत.

नोकरीही तशीच अधांतरी राहिली. रस्ताच उरला नाही म्हटल्यावर बस न्यायची कुठे? गावातल्या सगळ्यांना दूरच्या एका शहरात, बंद पडलेल्या गिरणीच्या गोडाऊनमध्ये आणून ठेवलं. चादरी बांधून प्रत्येकाला एकेक कोपरा मिळाला. गोडाऊनसमोरच्या गल्लीत एकच सार्वजनिक नळ होता. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. गल्लीचं त्यात कसंबसं भागत होतं, त्यात आता हे अख्खं गाव हंडे घेऊन उभं राहिलं.

पहिल्याच सकाळी ढकलाढकली सुरू झाली. कंडक्टरबाईंना राहवलं नाही. नको तिथे नाक खुपसायची त्यांना मुळातच खोड, त्यात आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस दचकून तिकीट काढायचा.

"चला, पुढे सरका! दारात गर्दी करू नका! मागे भरपूर जागा आहे!"

तिथे दार नव्हतं. मागे जागा नव्हती, उघडं गटार होतं. नळासमोरच्या घराची खिडकी धाडकन उघडली. त्या खिडकीत बसणाऱ्या काकूंची नळावर कित्येक वर्षं हुकूमत होती.

"अहो बाई, हा नळ आहे, बस नाही. आणि आम्ही काही विनातिकीट नाही आलो इथे!"

कंडक्टरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड थांबेल तर शपथ. "गल्लीतला एक, गोडाऊनमधला एक, असं चालू द्या!" त्या ओरडल्या, आणि आश्चर्य म्हणजे रांग लागली. त्या दिवशी त्या कॉलर ताठ करून परतल्या.

"लोक ऐकतात हो माझं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"ऐकतात कुठे? तुझ्या आवाजापासून लवकर लांब जाता यावं म्हणून भराभर हंडे भरतात," नवरा म्हणाला. थोडा विचार केल्यावर त्यांनाही ते पटलं.

पुढे एका संस्थेच्या ताई आल्या. संकटात खचून कसं जाऊ नये, एकमेकांना आधार कसा द्यावा, यासाठी त्यांनी गल्लीतल्या आणि गोडाऊनमधल्या बायकांना एकत्र गोल करून बसवलं. नेमक्या काकू कंडक्टरबाईंच्या शेजारी आल्या. दोघींनी विरुद्ध दिशांना तोंडं केली.

"डोळे मिटा," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. "जिथे तुम्हाला सुरक्षित वाटतं, अशी जागा डोळ्यांसमोर आणा."

कंडक्टरबाईंच्या डोळ्यांसमोर आपली दाराजवळची सीट आली. गोडाऊनमध्ये आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. मनातल्या त्या सीटवर बसल्या बसल्या त्यांचा खरोखरच डोळा लागला. आधी घोरणं ऐकू आलं, मग एकदम खणखणीत आरोळी: "शेवटचा स्टॉप! उतरा सगळे!"

निम्म्या बायका खरंच उठून उभ्या राहिल्या. हशा पिकला. कंडक्टरबाईही पोट धरून हसल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाच कळलं नाही. शेवटचा स्टॉप म्हणजे त्यांचं गाव. इतके दिवस सगळ्यांना धीर देत फिरणाऱ्या बाई आता हुंदके देत होत्या. काकूंनी पदर पुढे केला. "नाक पुसा आधी. नाही, माझ्या पदराला नको, तुमच्या. माझा डोळ्यांपुरता."

मग एके दिवशी नळच आटला. "हे आले आणि पाणी गेलं," अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली. पाणी खात्याच्या ऑफिसात दोन्हीकडच्यांनी मिळून जायचं ठरलं, आणि बोलायला कोण, तर अर्थातच कंडक्टरबाई. त्यांनी आदल्या दिवशी नवऱ्याला साहेब करून समोर बसवलं आणि भाषणाची इतकी तालीम केली की सकाळी आवाज पार बसला.

साहेबांसमोर त्यांनी तोंड उघडलं, तर गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी करकरलं. साहेबांना वाटलं, बाईंना तहान लागली. त्यांनी भरलेला ग्लास पुढे सरकवला.

कंडक्टरबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यभर नको तिथे वाजलेला भोंगा हवा त्या दिवशी बंद. तेवढ्यात मागून काकू पुढे आल्या.

"ग्लासभर नको साहेब, गल्लीभर पाहिजे."

"गोडाऊनच्या लोकांचं वेगळं बघू," साहेब म्हणाले. "ते तात्पुरते आहेत. तुमच्या गल्लीपुरतं बोला."

"गल्लीपुरतंच बोलतेय," काकू म्हणाल्या. "गोडाऊन आमच्याच गल्लीत आहे ना?"

साहेबांनी माणूस पाठवला. गिरणीच्या भिंतीलगत पाइप फुटला होता, कधीचाच. गल्लीतल्यांनी आणि गोडाऊनमधल्यांनी मिळून खणलं, पाइप बदलला, आणि काकूंच्या तगाद्याने गोडाऊनच्या फाटकापाशी दुसरा नळही आला.

डॉक्टरांनी कंडक्टरबाईंना बोलायची सक्त मनाई केली. त्या मुक्या बसल्यावर लोक आपणहून शेजारी येऊन बोलायला लागले. उलट उत्तर येणार नाही याची खात्रीच होती. काकूही आल्या. मुलं परदेशी, घरात कोणी नाही, म्हणून खिडकीत बसते, म्हणाल्या. "तुम्ही आलात आणि भांडायला तरी कोणी मिळालं."

आपण इतके दिवस लोकांना नुसतं पुढे सरकवत होतो, हे कंडक्टरबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. यापुढे कमी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. घसा बरा होईपर्यंत ते तंतोतंत पाळलंही.

वर्ष उलटल्यावर सरकारने सपाटीवर घरं बांधून दिली आणि जायचा दिवस आला. कंडक्टरबाई निरोप घ्यायला काकूंकडे गेल्या, तर दाराला कुलूप. त्यांना फार लागलं. तोंड पाडून त्या टेम्पोपाशी आल्या, तर सामानाच्या गाठोड्यांवर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

"कुठे नेऊन टाकतायत तुम्हाला ते बघून येते," काकू म्हणाल्या. "आणि ती गादी नीट लावा, टोचतंय मला."