सार्वमताची फेरी

इथे आखातात आमच्या कंपनीच्या व्हॅनवर रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सिग्नलला थांबला की रुमाल काढून स्टिअरिंग पुसायचा, स्वच्छ असलं तरी.

एकदा ऑफिसातल्या इजिप्शियन मंडळींना त्यांच्या वकिलातीत न्यायचं होतं. त्यांच्या देशात सार्वमत होतं आणि त्यांना इथूनच मत देता येत होतं. मला पुढे मुहर्रकला जायचं होतं, म्हणून मीही बसलो. ते हसत-खिदळत आत गेले. आम्ही दोघं गाडीतच थांबलो.

"तुम्ही कधी गेलात का मतदानाला गावी?" मी सहज विचारलं.

"गेलो ना साहेब. गणपतीला ठेवलेली लीव्ह मे महिन्यात घेतली. केंद्रावर बघतो तर यादीत नावच नाही."

"कोणी काढलं?"

त्याने रुमाल काढला. "यादीवाले घरी आलेले. आईला विचारलं, मुलगा इथे राहतो का? ती म्हणाली, नाही राहत. ती कशाला खोटं बोलेल?"

"अहो, परदेशातून नाव परत घालता येतं. मी करून देतो."

"मत टाकायला जायचं गावालाच ना? पुन्हा लीव्ह कोण देतो?" तो पुसतच राहिला. "आईने त्यांना विचारलं, पण तो परत येणार आहे, ते कुठे लिहिणार? तसं लिहीत नाहीत म्हणे."

मंडळी 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला-चला, करत परतली. त्याने गाडी काढली.

माझी आई पुण्यात एकटी असते. तिला कोणी असं विचारलं तर ती काय सांगेल, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.