चतुराबाईचं फडकं

नारू म्हणजे काय, असं आजच्या पोरांना विचारलं तर ती मोबाइलमध्ये शोधतील. शोधू देत. सुताएवढा जाड, हात-दीड हात लांब असा पांढरा किडा त्यांना तिथं सापडेल. चतुराबाई सापडायची नाही.

देवगाव रंगारीपासून दीड कोसावरची गोठणवाडी नारूला चांगली ओळखून होती. चैत्र-वैशाख आला की कुणाच्या घोट्याला, कुणाच्या टाचेला फोड यायचा. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटायचा आणि आतून हे सूत डोकावायचं. घाईनं ओढलं की तुटलं. तुटलं की पाय भोपळ्याएवढा सुजून माणूस दोन-दोन महिने बाजेवर पडायचा, आणि तेही नेमकं पेरणीच्या तोंडावर. वाडीतली माणसं यालाच नशीब म्हणत. नशिबाला नाव ठेवायची सोय नसते, म्हणून ते फार सोयीचं असतं.

चतुराबाई रझाकारांची धामधूम संपली त्याच्या पुढच्या साली लग्न होऊन इथं आली. दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्याच्या, कारभारीच्या गुडघ्यातून नारू निघाला. शेजारच्या गावच्या एका लोहारानं तो सांडशीनं ओढला आणि अर्थातच तोडला. कारभारीचा पाय जो आखडला तो आखडलाच. पुढं तो वाकडा पाय घेऊनच तो चितेवर गेला. त्या वर्षी चतुराबाईनं मनाशी घेतलं, की या वाडीत आता कुणाचा नारू तुटू द्यायचा नाही. आणि ती ते शिकली, कुणी न शिकवता.

तिची रीत ठरलेली होती. उन्हाळ्यात वाडीला पाणी एकट्या बारवेचं. दगडी पायऱ्यांची ही विहीर. चाळीस पायऱ्या उतरून खाली जायचं आणि हंडा बुडवून पाणी घ्यायचं. चतुराबाई रोग्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवायची आणि दुखरा पाय पाण्यात सोडायला लावायची. गार पाणी लागलं की आग निवायची, नारू सैल व्हायचा. मग ती त्याचं टोक तुरीच्या काडीला गुंडाळायची. रोज दोन बोटं, जास्त नाही. दहा-पंधरा दिवसांत सगळा नारू काडीवर यायचा. तीस वर्षांत तिच्या हातून एकही तुटला नाही. देवगावहून माणसं बैलगाडीत घालून तिच्याकडं आणत. ती कुणाचा चहासुद्धा घ्यायची नाही. आणि खोटा धीर द्यायची नाही. नडगीवरून अंगठा फिरवून सांगायची, "आजून एक हाये आत. पंधरा दिसांनी येईल. मन घट्ट कर." माणसं मन घट्ट करत, कारण चतुराबाई बोलली म्हणजे ते तसंच असणार.

आता इतकी मोठी बाई म्हटल्यावर थोडा ताठा असणारच. तो तिच्या सुनेच्या वाट्याला आला.

सून वच्छला पैठणकडची, गोदावरीचं पाणी पिऊन वाढलेली. तिच्या माहेरी नारू कुणी पाहिला नव्हता. आल्या-आल्या तिनं हंड्याच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि पाणी गाळायला लागली. चतुराबाईनं कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

"काहून गं? आमच्या बारवेत काय म्हशी लोळत्यात व्हय?"

"तसं नाय आत्याबाई, माझी आई गाळायची..."

"मंग आईकडं गाळ. इथलं पाणी लई गोड हाये, तसंच पी."

आणि ते फडकं त्याच दिवशी चूल सारवायचं पोतेरं झालं. शेजारणी आठ दिवस हसत होत्या. पुढच्या वैशाखात वच्छलाच्या गुडघ्यावर फोड आला. सासूनं जीव ओतून तो नारू सबंध काढला. पण जखम चिघळली आणि गुडघा धरला तो धरलाच. तेव्हापासून वच्छला चुलीपुढं एक पाय लांब करून बसायची आणि चालताना तो ओढायची. फडक्याबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

मग तिला मुलगी झाली, लक्ष्मी. चतुराबाईचा सगळा जीव या पोरीच्या दोन पायांत येऊन बसला. नवऱ्याचा पाय गेला, सुनेचा गेला. निदान या पायांवर वण नको, एवढंच तिचं देवाकडं मागणं. रोज संध्याकाळी ती पोरीचे पाय धुवायची आणि अंगठ्यानं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपायची. लक्ष्मीला गुदगुल्या व्हायच्या.

लक्ष्मी चार वर्षांची असताना, चौऱ्याऐंशीच्या चैत्रात, सायकलवर टांग टाकून बद्रीनाथ आला. औरंगाबादेत हर्सूलला राहणारा, सरकारच्या नारू निर्मूलनाच्या कामावर नेमलेला, तिशीच्या आतला माणूस. त्यानं मारुतीच्या पारावर वाडी गोळा केली, बारवेचं पाणी पांढऱ्या थाळीत ओतलं आणि भिंग धरलं. पाण्यात मोहरीच्या कणीपेक्षा बारीक काहीतरी तुरुतुरु उड्या मारत होतं.

"ही पाण्यातली पिसू," तो म्हणाला. "नारूवाला पाय पाण्यात गेला की नारू हजारो पिल्लं सोडतो. ती पिल्लं ही पिसू खाते. पिसू पाण्याबरोबर तुमच्या पोटात जाते. पिसू मरते, पिल्लू वाढतं. वर्षभरानं ते तुमच्या पायातून बाहेर येतं."

"वरीसभर?" कडूबानं विचारलं. हा गावातला बोलका शेतकरी. "साहेब, वरीसभर पावनासुद्धा ऱ्हात नाय." सगळा पार हसला.

चतुराबाई हसली नाही. तिच्या मनात गेले सगळे वैशाख एकामागं एक उभे राहिले. वच्छला नवी नवरी म्हणून आली त्या साली खालच्या पायरीवर कोण बसलं होतं? हाच कडूबा. पंधरा दिवस. पाय पाण्यात सोडायला कुणी लावला होता? आणि त्याच पायरीवरून भरलेला हंडा घरी आणून, सुनेचं फडकं सोडून, "तसंच पी" कुणी म्हटलं होतं?

तीस वर्षं एका हातानं तिनं नारू काढला होता आणि दुसऱ्या हातानं पेरला होता.

पण बाई खचून बसणारी नव्हती. बद्रीनाथनं सांगितलं, पाय बारवेत नको, बादलीत बुडवा आणि ते पाणी लांब कोरड्या रानात फेका. प्यायचं पाणी दुपदरी फडक्यानं गाळा. तिनं हे घरोघर जाऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! कडूबाच्या भावाला फोड आला तर तो सरळ बारवेवर गेला. ती आडवी उभी राहिली, तर कडूबा म्हणाला, "काकू, तीस वर्सं तुम्हीच बसवलं ना इथं? मंग तवा तुमी खोट्या का आता?" ती बाजूला झाली.

सरकारनं पायऱ्या बुजवून वर रहाट बसवतो म्हटलं, तर तळाच्या कोनाड्यात महादेव आहे म्हणून गाव अडलं. बोअर घेतला, तर तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. राहिलं काय, तर बद्रीनाथनं वाटलेली फडकी. त्यानं बांधून दाखवलं, वरची बाजू ओळखायला कोपऱ्याला लाल दोरा घालून दिला आणि पुढच्या गावाला गेला. त्याच्याकडं चाळीस गावं होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चतुराबाई आता पाण्याचा थेंबही गाळल्याशिवाय घरात घेईना. लाल दोरा वर, सुतळीचे तीन वेढे, मग बारीक धार. चाळीस पायऱ्या चढून आणलेलं पाणी, ते सांडायचंही नाही; गाळून झालं की फडकं उलटं करून त्यातलं उरलंसुरलं हंड्यात पिळून घ्यायची. शेतावर जाताना लक्ष्मीबरोबर गाळलेल्या पाण्याची बाटली. लक्ष्मीला ताकीद होती, की बाहेर कुठं ओंजळ लावायची नाही. आणि ती गुणाची पोर खेळताखेळता घसा कोरडा पडला तरी धावत घरी यायची.

पंच्याऐंशीचा वैशाख गेला. लक्ष्मीचे पाय कोरे राहिले. बद्रीनाथ आला तेव्हा म्हणाला, "मावशी, फडक्याच्या आधी प्यालेलं पाणी सुखरूप सुटलं. आता पुढच्या वर्षी तुमच्या गाळण्याची परीक्षा." चतुराबाईला परीक्षेची भीती नव्हती. तिचं बघून निम्म्या वाडीनं हंड्यांना फडकी बांधली. तिच्यासारखी, तिच्या घरी येऊन बघून.

पुढल्या वैशाखात एका संध्याकाळी पाय धुताना तिचा अंगठा लक्ष्मीच्या उजव्या घोट्याजवळ थांबला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथंच थांबला. कातड्याखाली दोरा होता. या वेळी लक्ष्मीला गुदगुल्या झाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी फोड आला. बद्रीनाथ आला आणि पोरीपुढं उकिडवा बसला. "खरं सांग बाळा, बारवेवर पाणी पीत होतीस ना? मी रागवणार नाही."

"नाय," लक्ष्मी रडत म्हणाली. "तहान लागली तरी घरीच येत व्हते. इचारा आजीला."

तो उठून हंड्याजवळ गेला. मग म्हणाला, "मावशी, गाळून दाखवा बरं."

तिनं दाखवलं. लाल दोरा वर. सुतळीचे तीन वेढे. बारीक धार. असं गाळणं साऱ्या तालुक्यात कुणी करत नसेल. मग तिनं सुतळी सोडली, फडकं उलटं केलं आणि हंड्यावर धरून पिळलं.

बद्रीनाथनं तिचं मनगट पकडलं.

"असं रोज करता?"

"मंग? चाळीस पायऱ्यांचं पानी वाया घालू?"

"मावशी, पिसवा तर फडक्यावरच अडकतात. उलटं करून पिळलं की त्या सगळ्या..." तो हंड्याकडं बघत राहिला. "हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. फडकं पिळू नका, हे मी सांगितलंच नाही."

चतुराबाईच्या हातातून फडकं पडलं. दोन वर्षं लेकरानं बाहेर थेंब घेतला नव्हता, आजीनं सांगितलं म्हणून. सगळ्या पिसवा आजीच्या हातच्या प्यायली होती.

चतुराबाईच्या घरी नारू निघाला, ही बातमी दुपारपर्यंत वाडीभर झाली. एकेक फडकं हंड्यावरून उतरलं. कुणी त्यात भाकरी बांधली, कुणी बैलाची शिंगं पुसली. ती पुन्हा दारोदार फिरली. चूक फडक्याची नाही, माझी आहे. फक्त पिळू नका, वरच्या बाजूनं कोरड्या जागी झटका. कडूबानं हात जोडले. "काकू, आधी बारवेचा दोष व्हता, आता पिळण्याचा. पुढल्या साली आमच्या तोंडाचा म्हणाल. जाऊ द्या." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही पोराचा पाय त्या दिवशी बारवेत होता.

घरी लक्ष्मी बादलीत पाय सोडून बसली होती. चतुराबाईनं तुरीची काडी घेतली आणि नारूचं टोक गुंडाळायला लागली. वच्छला पाय ओढत आली, हंड्याला फडकं बांधून पाणी गाळलं, आणि ओलं फडकं अंगणातल्या तापल्या दगडावर टाकलं. पाणी दगडावर पसरलं आणि वाळलं.

"आत्याबाई," ती पाठमोरीच म्हणाली, "माझ्या माहेरी पिळत नसत. असंच टाकायचे."

चतुराबाईनं मान वर केली. "आन् तू दोन वर्सं बघत व्हतीस?"

"रोज बघत व्हते. त्यानं काय व्हतं, हे मलाबी ठावं नव्हतं. ठावं असतं तर पोरीसाठी पाया पडले असते." वच्छलानं हंडा झाकला. "पण येगळं दिसत व्हतं. दोनदा तोंडाशी आलं. म्हणलं, आपण काय सांगायचं. एकदा सांगून बघितलं व्हतं."

सासूनं डाव्या हाताचा अंगठा सवयीनं लक्ष्मीच्या दुसऱ्या नडगीवरून फिरवला. तिथं अजून काही लागलं नाही. लागणार कसं? फडकं पिळायचं थांबलं त्या सकाळपर्यंतचं पाणी पोटात होतं, आणि ते पुढल्या वैशाखाशिवाय बोलणार नव्हतं.

"आजी," लक्ष्मीनं नाक ओढत विचारलं, "ह्यो शेवटचाच ना?"

कुठल्याही रोग्याला चतुराबाईनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिनं काडीला आणखी अर्धा वेढा दिला.

"व्हय बाई," ती म्हणाली. "शेवटचाच."